चिंचेला टांगलेली गाडी

फार वर्षं झाली. करंजमाथ्याच्या घाटात तेव्हा डांबर नव्हतं, आणि एसटी वर यायची ती फक्त बाजारच्या दिवशी, तीही धापा टाकत. त्या काळी गावात ज्ञानू सुतार आणि त्याची बायको गोजरा राहत होती. दोघं मिळून बैलगाड्या बांधायची. चाकावर तापलेली लोखंडी धाव चढवायची वेळ आली की ज्ञानू सांडशी धरायचा आणि गोजरा पाणी ओतायची. त्यांनी चढवलेली धाव कधी निघाली नाही, असं म्हणतात.

एक दिवस घाटातून एक परकी मोटारगाडी गेली. लाल, बुटकी, घोरपडीसारखी जमिनीला चिकटून चालणारी. कुणा संस्थानिकाची होती म्हणे. वळणावर ती कलली नाही, थबकली नाही, आली आणि गेली. धूळ खाली बसेपर्यंत ज्ञानू रस्त्यातच उभा होता. मग म्हणाला, "गोजरे, असली गाडी आपण बांधायची."

"आपल्याला परवडंल व्हय?"

"गाडी राजाची असंल, रस्ता काय राजाचा न्हाई. आनि लोखंड ते लोखंडच."

दरीत कोसळलेली एक जीप तिच्या मालकानं तिथंच सोडून दिली होती. ज्ञानूनं बैल लावून तिचं इंजिन आणि चाकं वर ओढून आणली. साखर कारखान्याच्या भंगारातून पाइप आणले, तेलाचे डबे कापून पत्रा केला. जे विकतच घ्यावं लागलं त्यापायी एक म्हैस गेली. एका म्हशीत शर्यतीची गाडी उभी राहिली, हे गाव अजून अभिमानानं सांगतं. सुकलेल्या तळ्यात दोघं ती हाकायला शिकली.

इंजिन ज्ञानूनं पुढं बसवलं होतं. बैल पुढं असतो, मग इंजिन आणखी कुठं असणार? पण घाटातल्या भुताच्या वळणावर गाडीचं नाक वळलंच नाही. ती सरळ नाचणीच्या शेतात शिरली. ज्ञानू म्हणाला, ही जात मागनं ढकलणारी दिसते, आणि त्यानं इंजिन पार शेपटाला नेलं. या खेपेला त्याच वळणावर शेपूट पुढं आलं आणि ज्ञानू उलट्या तोंडानं त्याच शेतात गेला. त्याला खरचटलंसुद्धा नाही, पण गाव पोट धरून हसलं. तेव्हापासून मोडकी खाट, न पेटणारी चूल, भर मांडवात रुसून बसलेला नवरदेव, सगळ्यांना लोक 'ज्ञानूची गाडी' म्हणू लागले.

पुढच्या हिवाळ्यात ज्ञानू तापानं गेला. इंजिन तिसऱ्यांदा कुठं बसवायचं, हे त्याचं ठरायचं राहिलं. गोजरेनं त्याचे कपडे वाटून टाकले, हत्यारं पुसून जागच्या जागी लावली, गाडीवर गोणपाट टाकलं. ती फार रडली नाही, असं म्हणतात. दुपारी दोन माणसांचा चहा टाकायची सवय मात्र बरेच दिवस गेली नाही.

एक गोष्ट तिला सोसत नव्हती. माणूस गेला तरी बोलणं गेलं नव्हतं. पाणवठ्यावर एखादीनं गळकी घागर दाखवून सहज म्हणावं, "ही बघा ज्ञानूची गाडी," आणि मग गोजरेकडं लक्ष जाऊन जीभ चावावी. नवऱ्याचं नाव गावात मागं राहणार होतं, ते असं. गोजरेला ते तसं राहू द्यायचं नव्हतं.

ज्ञानूचा धाकटा भाऊ रंगू. त्यालाही ते बोलणं लागायचं, पण त्याचा उपाय निराळा होता. दसऱ्याच्या आधी तो बैलगाडी घेऊन तिच्या दारात आला.

"वहिनी, दादाची ऐरण माझ्याकडं नेतो. आनि दसरा झाला की ही गाडी भंगारात. डोळ्यांपुढं नसली म्हंजी कुनी बोलनार न्हाई."

ऐरण उचलून त्यानं बैलगाडीत पुढच्या अंगाला ठेवली. जू मानेवर असं बसलं की बैलांनी गुडघेच टेकले.

"भावजी, पुढं जड झाली. मागं घ्या."

रंगूनं रागारागानं ऐरण पार मागच्या टोकाला ढकलली. तशी गाडी उलार झाली. मागचं टोक खाली, जू वर, बैलांच्या गळ्याला फास, आणि रंगू मागच्या मागं घसरत जाऊन उकिरड्यात बसला.

"अवो, मधी ठेवा! चाकावर!" गोजरा ओरडली. तिनं बैल सोडवले आणि उंबऱ्यावर जाऊन बसली.

"आमी त्याला बैल समजलो, भावजी."

"कुनाला?"

"इंजिनाला. वढतंय म्हणून बैल समजलो. बैल न्हाई ते, भार हाय. आनि भार कुठं ठेवायचा ते आपल्या घरात शेंबड्या पोरालाबी ठावं हाय."

"वहिनी," रंगू म्हणाला, "मी हितं शेणात बसलोय."

दुसऱ्या दिवशी गोजरेनं गोणपाट काढलं. इंजिन सोडवलं आणि दारातल्या चिंचेच्या आडव्या फांदीला गाडीचा सांगाडा दोरांनी टांगला, तराजूची दांडी टांगतात तसा, मधोमध. बसायच्या पुढच्या दोन जागांवर ज्वारीच्या गोण्या ठेवल्या, एक आपल्या वजनाची, एक ज्ञानूच्या. मग इंजिन सांगाड्यावर चढवून बोटभर पुढं, बोटभर मागं सरकवत राहिली. येणारेजाणारे थांबायचे. कुणी म्हणायचं, काकी, पाळणा बांधलाय का? ती म्हणायची, व्हय, बारशाला या.

शेवटी असा तोल साधला की एक चिमणी येऊन पुढच्या टोकावर बसली तर ते टोक खाली गेलं, आणि ती उडाली तशी गाडी पुन्हा सपाट झाली. असं म्हणतात. चिमणी पाहिलेली माणसं आता नाहीत, पण फांदीवर दोराचा वण आहे.

इंजिन बसलं ते बसणाऱ्याच्या पाठीला लागून, मागच्या चाकांच्या अलीकडं. त्यानं एवढी जागा खाल्ली की गाडीत फक्त दोन माणसं मावत. शेजारची म्हातारी म्हणाली, "गोजरे, लेकरंबाळं असती तर कुठं बसवली असतीस गं?"

"नव्हती म्हणून तर बरोब्बर जागा झाली, काकी," गोजरा म्हणाली आणि नट आवळत राहिली.

रंगू आला तेव्हा गाडी जमिनीवर उभी होती. त्यानं तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"खंडेनवमीला घाट चढून आले तर?" गोजरेनं विचारलं.

"आलात तर गावापुढं मी नारळ फोडीन. शेतात गेलात तर भंगारवाला."

"चालंल. पर दुसऱ्या जागेवर मानूस पायजे, न्हाईतर एका अंगाला झुकती."

"मग बघा कोन खुळा बसतोय."

"तुमीच. तुमचं वजन ह्यांच्याएवढंच हाय."



खंडेनवमीला गावोगाव हत्यारं पुजतात, तशी करंजमाथ्यालाही पुजली. पूजा उरकून सारा गाव घाटाच्या कडेला जमला. नाचणीच्या शेताच्या मालकानं आधीच पीक कापून घेतलं होतं आणि बांधावर चटई टाकून तो घरच्यांसकट बसला होता.

खाली पायथ्याशी गोजरेनं पदर खोचला. रंगूनं डोळे मिटले आणि तो खंडोबापासून सुरुवात करून आठवतील तेवढ्या देवांची नावं घेऊ लागला. गाडी निघाली. ती इतकी बुटकी होती की रस्त्यातली कुत्री तिच्या वरून पलीकडं बघत राहिली. ती इतकी जोरात होती की आवाज आधीच्या वळणावर आणि गाडी पुढच्या वळणावर, असं म्हणतात. बोरीबाभळींची पानं तिच्या मागं धावली. वाळत घातलेली लुगडी तिच्या वाऱ्यानं क्षणात वाळली.

गोजरेला यातलं काही दिसत नव्हतं. तिला पाठीमागं इंजिनाची ऊब लागत होती, कुणी पाठीला पाठ लावून बसावं तशी. भुताचं वळण आलं. ज्ञानूनं दोन्ही वेळा इथं ॲक्सिलेटरवरचा पाय उचलला होता. गोजरेनं उचलला नाही. नाक जितकं वळलं तितकंच शेपूट वळलं. नीट भरलेल्या बैलगाडीचं जू जसं एका हातावर उचलतं, तशी गाडी तिच्या हातात हलकी झाली आणि वळणातून बाहेर पडली. बांधावरची माणसं चटईवर उभी राहिली.

"गेलं का वळन?" रंगूनं विचारलं.

"कवाच. डोळं उघडा, भावजी. रस्ता छान दिसतोय."

वर पोचल्यावर ढोल वाजले. रंगू उतरला आणि त्यानं आधी नारळ फोडला. मग त्याची बायको हळदकुंकवाचं ताट घेऊन पुढं आली. गोजरा आपसूक चार पावलं मागं सरली. विधवा बाई पूजेच्या वेळी मागं सरते, तशी. कुणी तिला सरक म्हणालं नव्हतं, आणि कुणी थांबही म्हणालं नाही.

रंगूनं बायकोच्या हातातलं ताट घेतलं.

"वहिनी, हिकडं या."

"भावजी, मी कसं..."

"दादाची गाडी हाय. त्याच्या घरातनं पैलं बोट तुमचं. बाकीच्यांनी मागनं लावा."

माणसं कुजबुजली. एक म्हातारा खाकरला. रंगूनं ताट खाली ठेवलं नाही. गोजरा पुढं आली. सगळ्यांना वाटलं, ती नाकावर कुंकू लावेल. ती गाडीच्या बाजूनं मधोमध गेली आणि जिथं इंजिन होतं तिथं तिनं बोट टेकवलं. पत्रा तापलेला होता. तिनं हात मागं घेतला नाही. कुंकू नीट उमटेपर्यंत बोट तिथंच ठेवलं. तेव्हा ती रडली, असं म्हणतात. आणि काही म्हणतात, हसली.

त्यानंतर एखाद्यानं मोडक्या खाटेला 'ज्ञानूची गाडी' म्हटलंच, तर पोरं विचारायची, "मग घाट चढती का ही?" थोड्याच दिवसांत ते बोलणं बंद पडलं. भुताच्या वळणाला ज्ञानूचं वळण म्हणू लागले. गोजरेकडं पंचक्रोशीतून माणसं येत, भंगार घेऊन येत, आणि ती प्रत्येकाची गाडी चिंचेला टांगून देई. म्हातारपणी एका पहाटे ती आपली गाडी घेऊन निघाली आणि घाट संपला तरी थांबली नाही. पावसाळ्याआधी, ढग नसताना डोंगरापलीकडं गडगडलं, तर करंजमाथ्याची माणसं वर बघत नाहीत, रस्त्याकडं बघतात.

आजही त्या गावात नवी गाडी आली, ट्रॅक्टर असो, टेम्पो असो, पोराची मोटारसायकल असो, की पहिलं कुंकू घरातल्या विधवा बाईनं लावायचं. घरात नसेल तर गल्लीतल्या बाईला मानानं बोलावून आणायचं. ती आली की आधी इंजिन सुरू करायला सांगते, आणि सगळ्यांना थांबवून ठेवते. पत्रा चांगला तापू देते. मगच बोट टेकवते. चटका बसल्याशिवाय ते कुंकू लागत नाही, असं म्हणतात.