दुसऱ्या गडावरचा वैद्य

"...मग एका माणसाला इतकी पात्रं हवीतच कशाला, महाराज? एक धरावं आणि शेवटपर्यंत न्यावं. तुम्ही लोकांना हेच सांगता ना?"

काशीगीर महाराज सुपात भुईमुगाच्या शेंगा फोडत होते.

टेकडीवरच्या या मठात ते एकटेच राहायचे. झाडणारे तेच, स्वयंपाकी तेच, पुजारी तेच, आणि कोणी शंका घेऊन आलं तर गुरूही तेच. समोर बसलेला निनाद सबनीस पुण्याहून आला होता. इंटरनेटवर हजारो माणसं एकत्र खेळतात असा एक खेळ त्यानं बनवला होता, 'सातगड' नावाचा. खेळणाऱ्यानं एक पात्र घ्यायचं, धारकरी, वैद्य, लोहार, काय हवं ते, आणि पायथ्यापासून एकेक गड सर करत सातव्या गडावर पोचायचं.

"आणि दुसरं पात्र घेतलं तर?" महाराजांनी विचारलं.

"तर पुन्हा पायथ्यापासून. पहिल्यानं कमावलेलं दुसऱ्याला काही मिळत नाही. घोडा नाही, शिधा नाही. ओळखीची माणसंसुद्धा नाहीत. गडाच्या दरवाज्यावर त्याला परकाच समजतात."

"खेळणारा तोच असला तरी?"

"तोच असला तरी. नियम सगळ्यांना सारखा."

हे वाक्य निनादच्या फार आवडीचं होतं. म्हणायला सोपं, आणि म्हटलं की समोरचा गप्प बसायचा.

हल्ली मात्र त्याच्या हाताखालची मुलं गप्प बसेनात. लोक कंटाळून खेळ सोडून चालले होते. तीच वाट पुन्हा पुन्हा चढायला लावू नका, एका माणसाची सगळी पात्रं एका घरची समजा, असं त्या मुलांचं म्हणणं होतं. सोमवारी निनादला निर्णय द्यायचा होता. 'एकनिष्ठ राहा' एवढं महाराजांच्या तोंडून ऐकलं की तो सुखानं परत जाणार होता. सल्ला त्याला नकोच होता, शिक्का हवा होता.

महाराजांनी सूप बाजूला ठेवलं. "जेवायची वेळ झाली," म्हणाले आणि आत गेले.

निनाद मागोमाग स्वयंपाकघराच्या दारात पोचला. पिठल्याचा वास सुटला होता. सकाळपासून त्याच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

महाराजांनी कमरेला पंचा गुंडाळला होता. हातातली पळी त्यांनी दारात आडवी धरली.

"कोण रे तू?"

निनाद हसला. "महाराज, मी निनाद. आत्ता नाही का आपण बोलत होतो..."

"बोलत होता तो शंका घेऊन आलेला. तो पायऱ्या चढून आला होता. तू जेवायला आलेला दिसतोस. तू कधी चढलास?"

"म्हणजे?"

"खाली जा. पायथ्यापासून ये. नियम सगळ्यांना सारखा."

निनादला वाटलं, थट्टा चालली आहे. पण पळी काही हलली नाही. आणि आत्ताच ज्या नियमाची एवढी तरफदारी केली, त्याला आता नाही कसं म्हणायचं? निनादही हट्टी होता. त्यानं बूट घातले आणि उतरला.

टेकडी तशी फार उंच नाही. पण रिकाम्या पोटी, भर उन्हात ती दुसऱ्यांदा चढून बघावी. निनाद वर आला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि घशाला कोरड पडली होती. दाराजवळच्या रांजणातलं पाणी घ्यायला त्यानं हात पुढे केला.

महाराजांनी रांजणावर झाकण ठेवलं.

"कोण रे तू?"

"महाराज..."

"जेवायला येणारा वर आला, ते बघितलं मी. त्याचं पान वाढतो. तहानलेला अजून खालीच आहे."

"अहो, पण मी तोच आहे ना!"

निनाद ओरडलाच.

...

रांजणाकडे पुढे केलेला हात त्यानं मागे घेतला.

"अण्णा असंच म्हणाले होते," तो शेवटी म्हणाला. "माझे वडील. अगदी हेच शब्द."

महाराज उंबऱ्यावर बसले.

"आई गेल्यावर ते माझा खेळ खेळायला लागले. धारकरी होते. सातव्या गडावर पोचले, महाराज! तिथं त्यांना दोस्त मिळाले, कोणी नागपूरचा, कोणी बेळगावचा. संध्याकाळी सगळे मिळून गड लढवायचे आणि मग तटावर बसून गप्पा मारायचे. घरात इतके कधी हसले नसतील. पुढे त्यांचे हात थरथरायला लागले. तलवार चालवायला बोटं भराभर चालावी लागतात. त्यांच्यापायी सगळ्यांची हार व्हायची, आणि त्यांना त्याची लाज वाटायची. म्हणून त्यांनी वैद्य घेतला. वैद्याचं काम सावकाश केलं तरी चालतं..."

"आणि वैद्य पायथ्याला."

"पायथ्याला. मला जेवताना म्हणाले, 'अरे, पण मी तोच आहे ना? दरवाज्याला तेवढं ओळखू दे की.' मी ताटातून मानसुद्धा वर केली नाही. म्हटलं, अण्णा..."

पुढचं वाक्य महाराजांना माहीत होतं.

"कुठवर आले होते?"

"दुसऱ्या गडावर. थरथरत्या हातांनी. मग दवाखाना सुरू झाला आणि दिवाळीच्या आधी गेले. त्यांचे दोस्त अजून तटावर एकमेकांना विचारतात, धारकरी कुठे गेला. तो खाली दुसऱ्या गडावर धडपडत होता, हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. नियम बदलणं माझ्यासाठी एका दुपारचं काम होतं, महाराज. एका दुपारचं..."

तो तिथंच पायरीवर बसला आणि हुंदके देऊन रडला. महाराजांनी त्याला रडू दिलं. मग झाकण काढलं, तांब्या बुडवला आणि त्याच्या हातात दिला. निनादनं तो एका दमात रिकामा केला.

"आता नियम बदलून काय होणार?" तो म्हणाला. "अण्णा तर काही वर येणार नाहीत."

महाराजांनी त्याला आत नेलं, पाटावर बसवलं. पानात भाकरी वाढली, पिठलं वाढलं, कांदा फोडून ठेवला.

"जेवून घे," ते म्हणाले. "आणि उतरताना जपून उतर. अण्णांसारखं कोणीतरी वर येत असेल. त्याला 'कोण रे तू' विचारू नकोस."