भाऊबीजेचा बैल

एका गावात एक तेली राहायचा. त्याचं तेल इतकं चोख, की त्याचा दिवा लागला की शेजारच्या गावचे पतंग आपले दिवे सोडून इकडे यायचे, आणि मग त्या गावचा पाटील भांडायला यायचा, असं म्हणतात. म्हणणारे काय, काहीही म्हणतात. तेल चोख होतं, एवढं मात्र खरं.

त्याचा घाणा ओढायला एक बैल होता. लाखेसारखा तांबूस, म्हणून नाव लाख्या. हा लाख्या बाजारातून आलेला नव्हता. तेलीण लग्न होऊन सासरी निघाली, तेव्हा तिच्या पाठीला भाऊ नाही म्हणून बापानं एक गोऱ्हं तिच्याबरोबर धाडलं होतं. "हाच तुझा भाऊ समज," म्हणाला. बाप बोलून गेला, पण लेकीनं ते धरून ठेवलं. दर भाऊबीजेला ती लाख्याला न्हाऊ घालायची, कपाळाला कुंकू लावायची, निरांजन घेऊन ओवाळायची. लाख्याही तेवढा वेळ शेपूटसुद्धा न हलवता उभा राहायचा.

गाव हसायचं. पारावरची माणसं तेल्याला गाठून विचारायची, "काय तेलीबुवा, मेव्हण्यांची तब्येत बरी ना? पंगतीला आणा की एकदा. पेंड आम्ही वाढू!"

तेल्याला ते झोंबायचं. घरी येऊन तो बायकोवर डाफरायचा, "अगं, घाण्याला दोन लाकडं असतात. एक उभं, एक आडवं. बैल हे तिसरं. त्याला चार पाय आहेत, एवढंच. लाकडाला कुणी ओवाळतं का?"

"लाकूड रडत नाही," तेलीण म्हणायची. "माझे बाबा गेले, त्याचा सांगावा यायच्या आधीपासून यानं तोंडात काडी घेतली नव्हती. डोळ्यांतून धार लागली होती. तुम्हीच तर पुसलीत."

"कुसळ गेलं होतं त्याच्या डोळ्यात."

"दोन्ही डोळ्यांत?"

यावर तेली घाण्याकडे निघून जायचा.

पुष्कळ वर्षांनी त्यांना मुलगी झाली. बारशाच्या दिवशी तेलिणीनं तिला पाळण्यात घालायच्या आधी गोठ्यात नेलं. "बाळे, हा तुझा मामा बरं का." लाख्यानं मान खाली केली आणि त्या पोरीला टाळूपासून तळपायापर्यंत हुंगलं. एकदा हुंगून झाल्यावर पुन्हा हुंगलं. धडा पाठ करावा तसं. दारात उभा राहून तेली म्हणाला, "आटपा आता. मामांना कामाला जुंपायचंय."

घाण्याला जुंपताना बैलाच्या डोळ्यांवर झापड बांधतात आणि गळ्यात घंटा. घंटा वाजतेय तोवर बैल फिरतोय, थांबली की थांबला. धन्याला मान वळवून बघायचंही कारण नाही. त्यामुळे झालं होतं असं, की कित्येक वर्षांत तेल्यानं लाख्याला नीट बघितलंच नव्हतं. नुसता ऐकला होता.

मुलगी रांगायला लागली त्या साली त्रिपुरी पौर्णिमेला तेल्याची तारांबळ उडाली. देवळाच्या दीपमाळेला तेल घालायचा मान त्याच्या घरचा, आजोबांपासूनचा. यंदा तीळ उशिरा वाळले. पौर्णिमा उजाडली तरी तेल निघायचं होतं, आणि संध्याकाळी सगळं गाव दीपमाळेखाली उभं राहणार होतं.

तेलीण धुण्याची पाटी घेऊन नदीवर निघाली. जाता जाता म्हणाली, "अहो, बाळी निजलीय वाकळेवर. लक्ष असू द्या. उठली की ती घंटेच्या मागं रांगते."

"जा गं तू. मला काय झापड बांधलीय? दोन डोळे आहेत माझे."

तेलीण गेली. तेली पाठ फिरवून कोपऱ्यात तीळ पाखडत बसला. मागं घाणा कुरकुरत होता, घंटा वाजत होती, लाख्या फिरत होता.

आणि घंटा थांबली.

"हं, चल!" तेली ओरडला. "चल रे मेव्हण्या!"

घंटा वाजेना. तेली आसूड घेऊन उठला. लाख्या घाण्याच्या पलीकडच्या बाजूला, भिंतीलगतच्या अंधारात थांबला होता. तेल्याला दिसत होती ती फक्त त्याची पाठ. त्यानं आसूड ओढला. लाख्या हलला नाही. आणखी ओढला. पाठीवर वळ उठले, कातडी थरथरली, पण पाऊल पुढे पडेना.

"आजच आठवला का तुला माज? गावासमोर तोंड दाखवायचंय मला!" तेल्याचा राग डोक्यात गेला. त्यानं आढ्याला खोचलेली पराणी काढली. पराणी म्हणजे टोकाला खिळा ठोकलेली काठी. लाख्याला ती कधी लावायची वेळच आली नव्हती. ती त्यानं लाख्याच्या मांडीत खुपसली. रक्ताची धार खुरापर्यंत आली. लाख्यानं एक लांब, घोगरा हुंकार टाकला आणि सगळं अंग मागे रेटलं. पुढे मात्र तो आला नाही.

पुन्हा खुपसायला तेल्यानं हात उचलला, आणि त्याच्या ध्यानात आलं. एवढा मार बसतोय, बैल गदागदा हलतोय, तरी घंटा का वाजत नाही?

तो वळसा घालून पुढे गेला.

लाख्याची मान जमिनीपर्यंत वाकली होती. पुढचा एक पाय उचललेला, तसाच अधांतरी धरलेला. आणि त्या खुराखाली बाळी बसली होती. घंटेचा लोलक तिनं दोन्ही मुठींत घट्ट पकडला होता आणि बापाकडे बघून ती हसत होती.

तेल्याच्या हातातली पराणी गळून पडली.

त्यानं पोरीला ओढून उराशी धरलं. मगच लाख्यानं पाय खाली टेकवला, अगदी सावकाश, जमीन चाचपत. इतका वेळ अधांतरी राहिलेला तो पाय लटपटत होता.

तेली लेकीला घेऊन तिथंच बसला. याला कळलं कसं? डोळ्यांवर झापड. वास म्हणावा, तर तिळाच्या वासानं सगळी खोली भरलेली. आवाज म्हणावा, तर घाण्याच्या कुरकुरीत शेजारी ढोल वाजला तरी ऐकू येऊ नये, आणि पोर तर रडलीही नव्हती. त्यानं पुष्कळ विचार केला. उत्तर सापडलं नाही. सापडलं ते एवढंच, की दोन उघडे डोळे असलेला बाप आपल्या लेकीला तुडवायला सांगत होता आणि डोळे बांधलेला मामा मार खात उभा होता.

तेलीण परत आली. आधी तिला रक्त दिसलं. "हे कुणी केलं?"

पोर धडधाकट होती. बैल बोलणार नव्हता. बिथरला, आडमुठेपणा केला, म्हणून मारलं, असं म्हणायला तेल्याला कुणाची आडकाठी नव्हती. ते शब्द जिभेवर आलेही. मग त्यानं ते गिळले आणि घडलं तसं सगळं सांगितलं.

तेलिणीनं आरडाओरडा केला नाही. तिनं लाख्याची झापड सोडली, त्याला गोठ्यात नेलं, जखम धुतली, तेलात हळद कालवून भरली. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? ज्याला मारलंत त्याला सांगा."

"त्याला काय कळ..." तेल्याचं वाक्य तिथंच राहिलं.

त्यानं ओंजळीत पेंड घेतली आणि लाख्यापुढे धरली. लाख्यानं तोंड फिरवलं. तेली पुढे होऊन पाठीवर हात ठेवायला गेला, तर जनावर आक्रसून भिंतीला चिकटलं.

ऊन कलायला लागलं. दीपमाळ थांबणार नव्हती, आणि लाख्याला जुंपायचं नाव तेल्यानं काढलं नाही. त्यानं उपरणं कमरेला आवळलं, घाण्याचं आडवं लाकूड स्वतःच्या खांद्यावर घेतलं. मग काय मनात आलं कोण जाणे, लाख्याची झापड उचलून त्यानं आपल्या डोळ्यांवर बांधली.

अर्धाच घाणा भरला होता, तरी खांदा सोलून निघाला. कपाळ भिंतीवर आपटलं, पाय पाटीत अडकला. दारात जमलेली माणसं फिदीफिदी हसली. "अरे, आज मेव्हणे सुट्टीवर का?" पण तेली थांबला नाही, तसं ते हसणं हळूहळू विरलं. मग नुसती घाण्याची कुरकुर आणि त्याच्या धापांचा आवाज.

आणि मोकळा सोडलेला लाख्या लंगडत आत आला आणि त्याच्या वाटेत येऊन उभा राहिला.

तेल्याला कळलं नाही. वास आला नाही, चाहूल लागली नाही. तो सरळ जाऊन लाख्याच्या छातीवर आदळला.

झापड न सोडताच त्यानं दोन्ही हातांनी चाचपलं. शिंगं लागली, कान लागले, कपाळावरचं भाऊबीजेचं कुंकू बोटांना खरखरीत लागलं. "मेव्हणे," तो म्हणाला, आणि या वेळी दारातलं कुणी हसलं नाही. "मेव्हणे, चुकलं माझं."

लाख्यानं एक ऊन उसासा टाकला. मग त्यानं आपलं ओलं नाक तेल्याच्या सुजलेल्या कपाळाला टेकवलं आणि तसंच ठेवलं.

त्या संध्याकाळी दीपमाळ उशिरा पेटली, पण पेटली. तिची पहिली वात पेटवायला तेल्यानं जे जळतं लाकूड नेलं होतं, ते त्या पराणीचं होतं.

जखम भरली. पण तेल्याचा हात त्या मांडीकडे गेला, की तिथली कातडी थरथरायची, अगदी शेवटपर्यंत. लाख्यानं माफ केलं होतं. अंग मात्र विसरलं नव्हतं. ते त्यानं विसरावं, अशी अपेक्षा तेल्यानंही कधी केली नाही. दर भाऊबीजेला तेलीण ओवाळायची, तेव्हा तबक धरून शेजारी तोच उभा राहायचा.

तात्पर्य एवढंच: मुक्या जिवाला कसं कळतं, हे आपल्याला कळलं नाही तरी चालेल, पण तो थांबला, तर हात उचलायच्या आधी पुढे जाऊन बघावं.