सहा पावटे

‘...मग गुरुजी, तुम्हीच सांगा, पात्र खोटं की शास्त्र खोटं?’

विश्वंभरच्या हातात बारीक कानस होती. समोरच्या घंगाळात तांब्याचं घटिकापात्र होतं. बुडाच्या भोकातून पाणी शिरतं, पात्र भरून बुडतं, की एक घटिका झाली. उद्याच्या लग्नाचा मुहूर्त याच पात्रावर धरायचा होता, आणि त्याच्याजवळ पहिल्यांदाच विश्वंभर बसणार होता.

पैठणला चार वर्षं शिकून आलेला हा शिष्य. पाठांतर खणखणीत, नाक जरा वर.

धोंडभट गुरुजी ओसरीवर पावट्याच्या शेंगा सोलत होते.

‘काय झालं?’

‘सहा श्वासांचं एक पळ. साठ पळांची घटिका. म्हणजे श्वासांच्या सहा साठ्या. मी दोनदा मोजलं. पात्र बुडायला सात साठ्या लागतात, वर अकरा श्वास! भोक बुजत आलंय. जरासं वाढवतो.’

‘वाढवलेलं भोक परत लहान करता येतं?’

‘...नाही.’

तीन पिढ्यांची लग्नं त्या पात्रावर लागली होती. गुरुजींनी शेंगांचं सूप पुढे सरकवलं.

‘पात्र रिकामं करून पुन्हा पाण्यात सोड. आणि इकडे येऊन बस.’

विश्वंभर नाइलाजाने बसला. गुरुजींनी त्याच्या आईची चौकशी केली. पैठणच्या घाटाची केली. मग दोघंही गप्प झाले. गुरुजींचे हात उपरण्याखाली होते, आणि सोलायचं काम एकट्या विश्वंभरवर पडलं होतं. एका शेंगेतून गलेलठ्ठ अळी निघाली, तेव्हा तो चक्क हसला.

बुळुक!

पात्र बुडालं. विश्वंभर दचकला.

‘घ्या! मोजायचंच राहिलं.’

‘मी मोजलं.’

गुरुजींनी उपरणं बाजूला केलं. एका हाताच्या चार बोटांची बारा पेरं, दर बारा श्वासांना दुसऱ्या हाताचं एक बोट, पाचही बोटं होईपर्यंत. अशी एकेक साठी पुरी झाली की त्यांनी एक पावटा मांडीवर ठेवला होता.

मांडीवर सहा पावटे होते.

‘सहाच?’ विश्वंभर म्हणाला. ‘पण हे श्वास तुमचे, गुरुजी. तुमचे संथच असणार.’

‘माझे कुठले? तुझे मोजले. शेंगा सोलतानाचे.’

विश्वंभरने पावटे पुन्हा एकदा मोजले. मग त्याने कानस फडक्यात गुंडाळून ठेवली. त्याला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त, फार बरं वाटलं.

‘गुरुजी, उद्या पात्राजवळ... मीच बसू ना?’

‘बस की.’ गुरुजींनी सहाही पावटे सुपात टाकले. ‘येताना शेंगा आण.’