राणीसाहेबांच्या मापाचा शब्द

चिंचणगडच्या तिन्ही राण्यांनी एकाच दुपारी अबोला धरला, आणि तोही एका इंग्रजी शब्दापायी!

शब्द होता 'नाइस'. राजे जयाप्पारावांना तो कुठल्याशा साहेबाच्या तोंडून मिळाला आणि मग काय विचारता! चहा नाइस, घोडा नाइस. दिवाणजींच्या मातोश्री वारल्या तेव्हासुद्धा महाराज गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "नाइस!" दिवाणजींनी डोळे पुसत मुजरा केला. संस्थानात नोकरी करायची म्हणजे एवढं करावंच लागतं.

त्या दुपारी साळू कासारीण राण्यांना नव्या बांगड्या भरत होती. महाराज आले. थोरल्या राणीसाहेबांनी हात पुढे केला. "नाइस!" मधल्यांनी केला. "नाइस!" धाकट्यांनी केला. "नाइस!" इतक्यात महाराजांचं कुत्रं शेपटी हलवत आत आलं. महाराजांनी त्याच्या डोक्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "नाइस!"

झालं! "आम्हाला आणि कुत्र्याला एकच शब्द?" म्हणून तिघी उठल्या आणि आत जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बड्या साहेबाची मडम राण्यांबरोबर चहाला यायची होती. राण्याच नाहीत म्हटल्यावर संस्थानाची काय शोभा राहणार! महाराजांनी घाईघाईनं इंग्रजीच्या खांबेटे मास्तरांना बोलावलं.

"मास्तर, या नाइसला कुणी भाऊबंद आहेत का?"

"पुष्कळ आहेत, सरकार. ब्युटिफुल, वंडरफुल, मॅग्निफिसंट... पण प्रत्येकाची जागा वेगळी..."

"जागा आम्ही ठरवू!" महाराज म्हणाले. मग त्यांनी मानपानाच्या हिशेबानं शब्द वाटले. थोरल्यांना मॅग्निफिसंट, मधल्यांना वंडरफुल, धाकट्यांना ब्युटिफुल.

धाकट्या रडायलाच लागल्या. "त्यांचा शब्द केवढा लांबलचक आणि माझा एवढासाच!" मधल्या म्हणाल्या, "दागिना असो नाहीतर शब्द, आमच्या वाट्याला आपलं मधलंच!" घाबरून महाराजांनी तिघींनाही मॅग्निफिसंट देऊन टाकला, तर थोरल्या कडाडल्या, "मग आमच्या थोरलेपणाला काय अर्थ राहिला?"

महाराजांना घाम फुटला. मोठ्या माणसाला घाम फुटला की तो लहान माणसावर ओरडतो. त्यांनी साळूला समोर उभं केलं.

"तुझ्या बांगड्यांनी ही आग लावली! उद्या चहाच्या आत तिघींना तीन शब्द पसंत पडले पाहिजेत. नाहीतर तुझा बाजारातला ओटा मोडून टाकीन आणि तुला वेशीबाहेर घालवीन!"

नवऱ्यामागे त्या ओट्यावरच साळूचं घर चाललं होतं. पण बाई खमकी. म्हणाली, "सरकार, पडद्याआड बसा आणि ऐका. मधे मात्र बोलू नका, इंग्रजीत तर मुळीच नको!"

सकाळी बांगड्यांची पेटी घेऊन ती राण्यांपुढे बसली. थोरल्यांचा हात हातात घेऊन तिनं मोठ्या मापाची बांगडी उचलली.

"अगं ए! ही घागर घासणारीला घाल! आमचा हात बघ केवढा नाजूक. लहान माप काढ."

"चुकलेच, आईसाहेब! पण मला वाटलं, आज तुम्हाला सगळं मोठ्या मापाचंच हवंय. तो शब्द नाही का घेतलात, मॅग्निफिसंट? केवढा घोळदार! माझ्यासारखीच्या दंडापर्यंत चढेल. नाजूक रूपावर कसा बसायचा तो?"

थोरल्यांनी तो शब्द तिथल्या तिथं परत केला. मधल्यांनी चटकन सांगितलं, "मला नको गं तो शब्द! वंडरफुलसुद्धा सैलच होतो मला."

"माझं ब्युटिफुलही काढून घ्या!" धाकट्या म्हणाल्या. "मला नाइस पुरे!"

"नाइस माझा!" "वा गं वा, माझा!" "मी आधी म्हटलं!"

पडद्याआड महाराजांनी कपाळावर हात मारला. ही बया फिरून तिथंच आली की!

साळू मात्र शांत होती. "नाइसचं काय घेऊन बसलात, बाईसाहेब? ते माप तर कुत्र्यालासुद्धा बसलं. त्याहून लहान माप आहे माझ्याकडे. पण ते फार म्हणजे फारच नाजूक रूपाला बसतं. उगाच कशाला काढू?"

"काढ!" तिघी एकदम ओरडल्या.

"काढलं. दिसतंय का? नाही ना? कारण तिथं शब्दच नाही! तुम्ही समोर याल, महाराज बघतील आणि बघतच राहतील. मास्तरांनी शिकवलेलं एकही अक्षर त्यांना आठवणार नाही. बोलता आलं, तर समजायचं की रूपात काहीतरी कमी आहे."

तिघींनी आरशाकडे पाहिलं. मग थोरल्या हळूच म्हणाल्या, "आमच्याशी महाराजांनी एक शब्दही बोलायचं नाही, सांगून ठेव." मधल्या म्हणाल्या, "माझ्याशी तर नाहीच नाही!" धाकट्या तोवर शालू काढायला पळाल्यासुद्धा.

साळू पडद्याआड गेली. महाराज कुजबुजले, "अगं, पण तिघींना पुन्हा एकच झालं की! भांडतील."

"शब्द मोजता येतो, सरकार. गप्प बसणं कोण मोजणार? जिला तिला वाटेल, महाराज आपल्यापुढंच जास्त वेळ गप्प होते!"

आणि झालंही तसंच. संध्याकाळी तिन्ही राण्या एकेक करून आल्या, महाराज तिघींपुढे आ वासून उभे राहिले, आणि तिघीही मान ताठ करून मडमेशेजारी जाऊन बसल्या.

मडम गेल्यावर महाराजांनी साळूला बोलावलं. पोटावरचा पट्टा सैल करत ते म्हणाले, "साळू, काम केलंस! पण आता हा मॅग्निफिसंट उरला, त्याचं काय करू? एवढ्या मोठ्या मापाला गिऱ्हाईक कुठून आणू?"

साळूनं त्या सैल पट्ट्याकडे पाहिलं. "गिऱ्हाईक समोरच बसलंय की, सरकार!"

शेजारी उभ्या खांबेटे मास्तरांच्या हातून पुस्तक पडलं. महाराजांनी खाली स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, त्यावर थाप मारली आणि गरजले, "मॅग्निफिसंट!"

"शाबास, सरकार!" मास्तरांच्या तोंडून निसटलं. "आज पहिल्यांदाच शब्द योग्य जागी पडला!"

महाराज एवढे हसले, एवढे हसले की पट्टा पार सुटून खाली आला. डोळे पुसत ते म्हणाले, "माग साळू! तुला कोणता शब्द देऊ?"

"शब्द नको, सरकार. राजवाड्याच्या दरवाजाशी ओटा द्या."

ओटा मिळाला, वर जरीकाठी लुगडंही मिळालं. ते नेसून साळू मुजऱ्याला आली तेव्हा महाराजांनी तोंड उघडलं, साळूनं डोळे वटारले, आणि महाराजांनी ते मुकाट्यानं मिटलं.