भंडाऱ्याची तरटपट्टी

"ब्रेक ॲडजस्ट करायचा, म्हणजे नेमकं काय करायचास तू?" नागनाथबुवांनी विचारलं.

भागवत हसला. मठात येण्याआधी तो एसटीच्या डेपोत फिटर होता आणि आपल्या हाताचा त्याला अजून अभिमान होता.

"आवळायचो, बुवा. नीट धरेपर्यंत."

"आणि इथं?"



'ॲडजस्ट' या एका शब्दावर भागवतनं सगळा मठ चालवला होता. आमटी अळणी झाली, ॲडजस्ट करा. एका खोलीत दोन कुटुंबं उतरली, ॲडजस्ट करा. कीर्तनकार आलेच नाहीत, तर टाळकऱ्यांनी चार अभंग जास्त म्हणून ॲडजस्ट करावं. कुणाचं काही अडत नव्हतं, हे खरंच. बुवांच्या मागं गादीवर हाच बसणार असं लोक म्हणत, आणि भागवतला ते ऐकायला गोड लागे.

आज भंडारा होता. गावातल्या कापसाच्या जिनिंगचे मालक रावसाहेब मठावर पक्कं छप्पर घालून देणार होते. सकाळी त्यांचा निरोप आला की, आमची माणसं ओसरीवर जेवतील, नदीकाठच्या वस्तीतली खाली अंगणात बसवा. भागवतनं बुवांना न विचारता हो म्हणून टाकलं होतं.

या मठात पाट नाहीत. गावातल्या आणि वस्तीतल्या घराघरानं एकेक पोतं दिलं, ती उसवून एकाला एक शिवली आणि पंगतीला एकच लांबलचक तरटपट्टी केली. जो येईल तो शेजारच्याच्या मांडीला मांडी लावून बसतो. मठाचा नियम म्हणाल तर एवढाच.

दोन पंगती करायच्या तर पट्टी कापणं आलं. भागवत कात्री घेऊन आला होता.

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे, बुवा. वस्तीत जाऊन सांगितलं मी. ॲडजस्ट करू म्हणाली ती माणसं."

"कोण म्हणालं?"

"गिरजाआत्या."

"काय म्हणाली?"

"म्हणजे... बोलली काही नाही. मान खाली घातली."

बुवा उठले. त्यांनी स्वतः पट्टी उलगडली आणि दोन्ही हातांनी ताणून धरली.

"काप."

भागवतनं मधोमध कात्री लावली.

"तिथं नाही. इकडं ये." बुवा पट्टीच्या वरच्या टोकाला सरकले. तिथं रोज बुवांच्या शेजारी भागवत बसत असे. "इथून काप. तुझ्या बुडाखालचं तेवढं."

"मग मी कुठं बसू?"

त्याच्या तोंडून गेलं ते गेलं. बुवांनी ताणलेली पट्टी सैल सोडली.

"गिरजेनं विचारलं नाही वाटतं तुला हे..."

भागवतच्या कानशिलात रक्त चढलं. राग बुवांचा आला की स्वतःचा, ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्यानं कात्री कोनाड्यात टाकली, पट्टीचं टोक उचललं आणि ती ओसरीवरून पायऱ्या उतरून अंगणातून पार विहिरीपर्यंत अंथरत नेली. कुठं सुरकुती म्हणून राहू दिली नाही. वस्तीतली माणसं फाटकाशी थांबली होती. त्यानं गिरजाआत्याला हाताला धरून आणलं आणि आपल्या जागेवर, बुवांच्या शेजारी बसवलं.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. भागवत बुवांपाशी आला.

"रावसाहेबांना काय सांगू?"

"जागा आहे म्हणावं. गिरजेच्या शेजारी."

"ते आल्यापावली परत जातील, बुवा. छप्पर हातचं जाईल. गळतंय आपलं, पावसाळा तोंडावर आलाय..."

बुवांनी पत्रावळीवर पाणी शिंपडलं.

"पावसाशी करू ॲडजस्ट."