टिंबू खोक्यात, जाड कोपरा कोठीत

बसलात नीट? माझ्या मांडीवरचा पाय काढा, मुंग्या येतात मला. हं. ऐका आता.

एक होती बेडकी. अंगठ्याएवढी. नाव टिपरी.

तिला एक पिल्लू. चण्याएवढं. नाव टिंबू.

दोघं राहायची पाण्याच्या टाकीखाली. टाकी होती द्राक्षांच्या शेडमागे.

शेडमध्ये काय चालायचं? द्राक्षं खोक्यात भरायची. खोक्यावर खोका रचायचा. खोक्यांचा डोंगर करायचा. डोंगराच्या चार कडांना पुठ्ठ्याचे चार कोपरे उभे करायचे. मग कोपऱ्यांवरून पट्टी आवळायची. कर्र कर्र कर्र. मग डोंगर हलत नाही.

कोपरा जाड असला, तर पट्टी कोपऱ्यावर बसते. खोका सुखात राहतो. कोपरा पातळ असला, तर पट्टी खोक्यात रुतते. एवढं साधं आहे. तुम्हाला कळलं ना? मोठ्यांना कळत नाही.

त्या शेडची एक रीत होती. लांब जाणाऱ्या मालाला जाड कोपरे. जवळ जाणाऱ्या मालाला पातळ कोपरे. पातळ, आणि तेही कापून अर्धे. एकाचे दोन. पाहुण्यांना चांगली कपबशी आणि घरच्यांना फुटकी, तसंच ते.

एके दुपारी टिंबू खेळत खेळत शेडमध्ये गेला. टुण टुण, टुण टुण. सगळ्यात खालच्या खोक्याला हवेचं भोक होतं. टिंबू भोकातून आत गेला. आत गार गार होतं. टिंबू झोपला.

तो माल होता जवळचा. अर्धा कोपरा वरच्या खोक्यांना पुरला. खालच्या खोक्याला पुरला नाही. वर पट्टी आवळली, खाली पट्टी आवळली. कर्र कर्र कर्र. खालचा खोका चेपला. भोक मिटलं.

टिंबू आत. टिपरी बाहेर. आणि दाराशी ट्रक उभा.

पोंऽऽ.

ट्रक गेला, की टिंबू गेला.

टिपरी खोक्याकडे गेली. टुण टुण, टुण टुण.

"खोक्या खोक्या, भोक उघड.
टिंबू माझा आत, बाहेर येईना."

खोका म्हणाला, "उघडलं असतं. पण पट्टी ढिली होत नाही. मी काय करू? पट्टीला सांग."

टिपरी पट्टीकडे गेली. टुण टुण, टुण टुण.

"पट्टी पट्टी, ढिली हो.
पट्टी ढिली होईना, खोका उघडेना,
टिंबू माझा आत, बाहेर येईना."

पट्टी म्हणाली, "झाले असते. पण माझ्याखाली जाड कोपरा येत नाही. मी काय करू? कोपऱ्याला सांग."

जाड कोपरा कुठे होता? कोठीत. भिंतीला टेकून. अंगावर धूळ. लांबचा माल येईपर्यंत उभाच. काम नाही, धाम नाही.

टिपरी कोठीत गेली. टुण टुण, टुण टुण.

"कोपऱ्या कोपऱ्या, चल लवकर.
कोपरा येईना, पट्टी ढिली होईना, खोका उघडेना,
टिंबू माझा आत, बाहेर येईना."

कोपरा म्हणाला, "आलो असतो. पण सुतळी सुटत नाही. गठ्ठ्यात बांधलंय मला. मी काय करू? सुतळीला सांग."

सुतळीची गाठ तिथेच होती, हातभर अंतरावर. पण हातभर म्हणजे टिपरीला केवढं? मोजा तुम्हीच. टुण टुण, टुण टुण.

"सुतळी सुतळी, सूट बाई.
सुतळी सुटेना, कोपरा येईना, पट्टी ढिली होईना, खोका उघडेना,
टिंबू माझा आत, बाहेर येईना."

सुतळी म्हणाली, "सुटले असते. पण कात्री कापत नाही. मी काय करू? कात्रीला सांग."

टिपरी कात्रीकडे गेली. टुण टुण, टुण टुण. कात्री खिळ्याला लटकलेली. टिपरीने मान वर केली.

"कात्री कात्री, सुतळी काप.
कात्री कापेना, सुतळी सुटेना, कोपरा येईना, पट्टी ढिली होईना, खोका उघडेना,
टिंबू माझा आत, बाहेर येईना."

कात्री म्हणाली, "कापली असती. पण सगुणामावशी उठत नाही. ती उठली, की मी चालते. मी काय करू? मावशीला सांग."

पोंऽऽ. पोंऽऽ.

दोनदा वाजला. ऐकलंत?

सगुणामावशी द्राक्षं भरत बसली होती. तीच पट्टी आवळायची. तीच कोपरे कापायची, एकाचे दोन. टिपरी तिच्याकडे गेली. टुण टुण, टुण टुण.

"मावशी मावशी, ऊठ गं.
मावशी उठेना, कात्री कापेना, सुतळी सुटेना, कोपरा येईना, पट्टी ढिली होईना, खोका उघडेना,
टिंबू माझा आत, बाहेर येईना."

मावशीने टिपरीकडे बघितलंच नाही. द्राक्षांकडे बघून म्हणाली, "उठले असते. पण तात्या हो म्हणत नाहीत. जाड कोपऱ्याला हात लावला, की ओरडतात. मी काय करू? तात्यांना सांग."

केरूतात्या म्हणजे कोठी सांभाळणारे. खुर्चीत बसलेले. पाय स्टुलावर. टिपरी त्यांच्याकडे गेली. आता ती दमली होती. टुण... टुण... टुण...

"तात्या तात्या, हो म्हणा ना.
तात्या हो म्हणेनात, मावशी उठेना, कात्री कापेना, सुतळी सुटेना, कोपरा येईना, पट्टी ढिली होईना, खोका उघडेना,
टिंबू माझा आत, बाहेर येईना."

तात्या म्हणाले, "म्हटलं असतं. पण तशी रीत नाही. जाड कोपरे लांबच्या मालाला. मी काय करू?"

"रीत कुणी केली, तात्या?"

"मीच केली."

"मग मोडा ना."

"रीत मोडत नसतात," तात्या म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

ऐकलंत? स्वतःच केली, आणि म्हणे मोडत नसतात. मला तर असा राग येतो.

आता कुणाला सांगायचं? तात्यांनी पुढचं नावच सांगितलं नाही. टिपरी स्टुलाखाली बसली आणि रडली. खूप रडली. तिला टिंबू हवा होता, दुसरं काही नको होतं.

तेवढ्यात आला डास. गुंऽऽ गुंऽऽ.

आता डास आणि बेडकी. बेडकी काय करते डासाला? खाते. गट्टम. डास म्हणजे तिचा वरणभात. डास लांबच थांबला.

टिपरी म्हणाली,

"डासा डासा, तात्यांना चाव.
डास चावेना, तात्या हो म्हणेनात, मावशी उठेना, कात्री कापेना, सुतळी सुटेना, कोपरा येईना, पट्टी ढिली होईना, खोका उघडेना,
टिंबू माझा आत, बाहेर येईना."

डास म्हणाला, "चावलो असतो. पण तू मला खातेस."

"नाही खाणार."

"आजच्या दिवस?"

"कधीच नाही. तुला नाही, तुझ्या पोराबाळांना नाही. या शेडमधला एकही डास नाही."

"शपथ घे."

"टिंबूची शपथ."

डासाने दुसऱ्या कुणाकडे पाठवलं नाही. एवढं मात्र खरं. तो लगेच निघाला.

गुंऽऽ. तात्यांच्या कानाला चावला.

गुंऽऽ. तात्यांच्या नाकाला चावला.

गुंऽऽ. तात्यांच्या अंगठ्याला चावला.

"तात्या, हो म्हणा. नाहीतर पुन्हा चावतो."

"अरे हो, हो, हो. घ्या तो कोपरा. घ्या एकदाचा."

मग काय झालं?

डास चावला,
तात्या हो म्हणाले,
मावशी उठली, चटकन.
कात्रीने कापलं, कच्च.
सुतळी सुटली, सर्र.
कोपरा आला, खट्ट.
पट्टी ढिली झाली, पूर्ण कोपरा खाली बसला, पट्टी त्याच्यावर बसली.
खोका उघडला, फस्स.

आणि टिंबू बाहेर आला.

किती वेळ लागला? तुम्ही एक जांभई द्या. तेवढा.

पोंऽऽ. पोंऽऽ. पोंऽऽ. ट्रक खोके घेऊन गेला.

टिपरीने टिंबूला जवळ घेतलं. डोकं चाटलं. पोट चाटलं. पाय चाटले. एक पाय चाटला, दुसरा चाटला, तिसरा चाटला. चौथा सरळ होईना. पट्टी रुतली होती ना, तिच्याखाली तो पाय होता. इतका वेळ.

तात्या म्हणाले, "बघ, मी हो म्हटलं म्हणून सुटला."

कात्री म्हणाली, "मी कापलं म्हणून."

सुतळी म्हणाली, "मी सुटले म्हणून."

कोपरा म्हणाला, "मी आलो म्हणून."

पट्टीसुद्धा म्हणाली, "मी ढिली झाले म्हणून." पट्टीने तरी गप्प बसायचं की नाही?

टिपरी म्हणाली, "पहिल्या हाकेला केलं असतं, तर त्याचा पाय वाचला असता."

मावशी खाली बघत राहिली. तात्यांनी उरलेल्या जाड कोपऱ्यांना परत सुतळी बांधली. गाठ मारली. दोन गाठी मारल्या.

टिंबूने उडी मारली. टुण. आणि पडला. मग परत उठला. टुण. आणि थांबला.

पुढे आठ दिवस गेले. पंधरा दिवस गेले. डासांना पोरं झाली. पोरांना पोरं झाली. टिपरी मुंग्या खायची. मुंग्या तिला आवडत नाहीत, तरी खायची. डास समोरून जायचे, ती तोंड मिटून बसायची.

शेडमध्ये गुंऽऽ. कोठीत गुंऽऽ. तात्यांच्या खुर्चीभोवती तर विचारूच नका. कानाला चाव, नाकाला चाव, अंगठ्याला चाव. तात्यांचा कान एवढा सुजला, पुरीसारखा.

शेवटी तात्या उठले. टाकीपाशी आले. धप धप, धप धप. खाली वाकले.

"टिपरे टिपरे, डास खा गं.
टिपरी खाईना, डास जाईनात,
कान माझा सुजला, बरा होईना."

टिपरीने तात्यांकडे बघितलं. नीट बघितलं.

"खाल्ले असते," ती म्हणाली. "पण मी शपथ घेतलीय. मी काय करू? डासाला सांगा."

तात्या डासाकडे गेले. धप धप, धप धप.

"डासा डासा, शपथ सोड."

डास म्हणाला, "सोडली असती. पण तुमचा कान फार गोड लागतो. मी काय करू?"

आणि चावला.

तात्या खाजवत बसले. अजून खाजवतायत. बसू देत.

सगुणामावशी मात्र आता जवळच्या मालालाही जाड कोपरा लावते. पूर्ण. वरपासून खालपर्यंत. एकाचे दोन करत नाही. तात्यांना विचारतही नाही. तात्या बघतात, पण त्यांचे दोन्ही हात कानावर असतात. खालचा खोका चेपत नाही. त्याचं भोक उघडं राहतं.

मावशीने एकदा टाकीपाशी येऊन टिपरीला ते सांगितलं. टिपरी म्हणाली, "बरं झालं." आणि मान फिरवली.

संध्याकाळी टिपरी आणि टिंबू फिरायला निघतात. टिपरी एक उडी मारते. टुण. मग थांबते. मागून टिंबू येतो. टुण. मग टिपरी दुसरी उडी मारते. परत थांबते.

गोष्ट माझी झाली. पण टिंबू अजून मागे आहे. उठू नका लगेच. त्याला येऊ द्या.