गोलमहालाचे काय करायचे?

एका राज्यात, राजा अरिंजयाला गादीवर बसून सतरावे वर्ष चालू असताना, फाल्गुन शुद्ध द्वितीयेला, खळ्यांवर ज्वारीची मळणी जोरात होती त्या दिवशी, दरबार भरला. विषय एकच. गोलमहालाचे काय करायचे?

गोलमहाल नगराच्या मधोमध उभा होता. सात ताड उंच, तांब्याचा, बाहेरून हिरवा पडलेला. त्याला खिडकी नव्हती, जिना नव्हता, खांब नव्हता. काठ एके ठिकाणी वर दुमडलेला होता, तोच दरवाजा. त्यातून हत्ती जाई. परमुलखातले लोक पाहायला येत आणि तोंडात बोट घालून परत जात. तो कोणी बांधला हे कोणालाच ठाऊक नव्हते. तीन शास्त्री तीन राजवंशांची नावे सांगत, आणि तिघेही एकमेकांशी बोलत नसत.

एवढी मोठी वास्तू आणि रिकामी. राजाला ते खुपत होते. पण वास्तूला शाप होता. जे आत जाई ते रिते होऊन बाहेर येई.

उपाय आधीच करून झाले होते. सेनापतीने सुचवले, तालीम काढावी. काढली. पंधरा दिवसांत पैलवान आतून पोकळ झाले. छातीवर टिचकी मारली की डग्ग्यासारखे वाजत. वारा सुटला की त्यांना दाव्याने बांधून ठेवावे लागे.

राजगुरूंनी सुचवले, पाठशाळा भरवावी. भरवली. आठव्या दिवशी राजगुरू स्वतःच्या घराचा पत्ता विचारत फिरले.

राणीने सुचवले, अन्नछत्र घालावे. घातले. लोक पोटभर जेवत आणि उपाशी उठत.

त्या अन्नछत्रात भाकऱ्या थापायला चिमाबाई गेली होती. सटवाजी कल्हईवाल्याची ही बायको. तिच्या तोंडाला लागलेला माणूस गल्ली बदलून राहायला जाई, अशी तिची ख्याती. ती घरी आली ती गप्प. सटवाजीने मुद्दाम चिखलाचे पाय घेऊन चुलीपर्यंत जाऊन पाहिले. ती म्हणाली, "हं." त्याने दुधाचे भांडे लवंडले. ती म्हणाली, "हं." सटवाजी घाबरला. तीस वर्षांच्या संसारात तो असा कधी घाबरला नव्हता.

इकडे द्वितीयेच्या दरबारात प्रधान उठला. "महाराज, पौर्णिमेला महाल फोडावा. तांबे वितळवावे. तोफा ओताव्या."

"ठरले," राजा म्हणाला. दवंडी पिटली.

दवंडी ऐकून सटवाजी गोलमहालाकडे निघाला. बायकोचे बोल तिथे हरवले, तिथेच असणार. आत जायला त्याला भय वाटले नाही. तो मुळात चार शब्दांचा माणूस. त्याच्यातून रिते होण्यासारखे फारसे काही नव्हते.

आत जाऊन त्याने भिंतीवरून तळहात फिरवला. नखाने खरवडले. नख चाटून पाहिले. मग बाहेर येऊन वर पाहिले. महालाच्या माथ्यावर एक टिटवी बसली होती.

"कोण रे तू?" टिटवीने विचारले.

"कल्हईवाला."

"काय शोधतोस?"

"बायकोचे बोल."

"नवलच. लोक त्यापासून पळतात."

"टिटवीबाई, हा महाल नव्हे. आत जुनी कल्हई आहे, जागोजाग उडालेली. हे भांडं आहे. कोणीतरी पालथं घातलंय."

टिटवी खाली उतरली. "दीडशे वर्षं मी ह्याच्या बुडावर अंडी घालते. आज पहिल्यांदा कोणी हात फिरवून पाहिला. बाकीचे भाषणं करून गेले." मग ती सांगू लागली. "आभाळात गडगडलं की तुम्ही म्हणता, म्हातारी हरभरे भरडते. तीच ही डोंगरापलीकडची म्हातारी. राजाच्या खापरपणजोबाच्या वेळी दुष्काळ पडला. म्हातारीनं शेजारधर्म म्हणून हंडाभर कण्या पाठवल्या. नगर वर्षभर जेवलं."

"मग?"

"मग राजानं हंडा पालथा घालून ठेवला, आणि तो परत कोणी न्यायचा, ह्यावर दरबारात चर्चा सुरू झाली."

"आणि?"

"विषय काय होता तेच विसरले. चर्चा अजून चालू आहे."

सटवाजीने कपाळाला हात लावला.

"शेजारणीचं भांडं अडकवून ठेवलं की ते घर रितं करतं," टिटवी म्हणाली. "तुझ्या बायकोचे बोल ह्याच्याच पोटात आहेत. हंडा फोडला तर तेही गेले. तीन कामं करा. घासून कल्हई लावा. ज्या घराण्यानं पालथा घातला त्यानं मान वाकवून सुलटा करावा. आणि रिता परत करू नका."

सटवाजी दरबारात उभा राहिला आणि चार शब्दांत सगळे सांगितले.

प्रधान हसला. "तू किती शिकलास?"

"काही नाही."

"तीन शास्त्री म्हणतात हा महाल आहे."

"त्यांनी कधी भांडी घासलीत का?"

पडद्याआडून राणी खुदकन हसली. राजा म्हणाला, "पौर्णिमेपर्यंत मुदत. नाहीतर घण."

सटवाजीने महालाभोवती शंभर भाते लावले. पोकळ पैलवान हलके होतेच. त्यांना दोऱ्या बांधून आत वर सोडले. हातात कापसाचा बोळा, कमरेला कथील आणि नवसागर. पैलवान पतंगासारखे तरंगत आणि भिंत पुशीत. धुराने नगर अकरा दिवस खोकले. बाराव्या दिवशी आतली बाजू अशी लखलखली की शास्त्र्यांना एकमेकांची तोंडे पाहावी लागली.

पौर्णिमा उजाडली. मग राजा आला. त्याने सतरा वर्षांत मान वाकवली नव्हती. जेवतानाही घास वर येई, मान खाली जात नसे. त्याने ताठ मानेने काठाला हात घालून जोर केला. हंडा हलला नाही. पुन्हा केला. हलला नाही.

"मान, महाराज," सटवाजी म्हणाला.

"राजाची मान आहे ही."

"उपकार राजावर आहेत."

राजाने मान वाकवली. मुकुट घरंगळत गटारापर्यंत गेला. आणि सात ताडांचा हंडा एका बोटाने वळावा तसा वळला आणि सुलटा बसला.

आत साचलेले सगळे उसळून बाहेर आले. पैलवान धपाधप जमिनीवर पडले आणि जड झाले. राजगुरूंना घरचा पत्ता आठवला आणि ते थेट तिकडे पळाले. भर चौकात सगळ्या नगराने एकदम ढेकर दिली. आणि गर्दीतून आवाज आला.

"अहो! दाढीचं जंगल, धोतराला भोकं, अन् असे राजापुढं उभे राहिलात? माझं नाक कापायला? दूध कोणी सांडलं? चुलीपर्यंत चिखल कोणाचा?"

"माझा," सटवाजी म्हणाला. "अजून बोल."

ती बोलली. त्याने सगळे ऐकून घेतले. डोळे पुसले ते धुरामुळे, असे त्याने सांगितले.

उरले तिसरे काम. हंड्यात काय घालून परत करायचे? दरबार तिथेच भरला. प्रधान म्हणाला, नवरत्ने. सेनापती म्हणाला, ढाली आणि तलवारी. शास्त्री म्हणाले, ग्रंथ, पण कोणाचा ह्यावर तिघांचे अडले.

चिमाबाईने कमरेवर हात ठेवले. "शेजारीण दाणे भरडते. रत्नं घालायची का तिनं जात्यात? दात पडतील म्हातारीचे!" ती तडक खळ्यावर गेली, सूपभर ज्वारी घेऊन आली. "घे रे," तिने एका पैलवानाला सांगितले. त्याने शिडी चढून सूप हंड्यात रिते केले.

ते पाहून शेजारची बाई सूप घेऊन आली. मग तिच्या शेजारची. मग सगळी गल्ली, सगळे नगर. ह्यासाठी दवंडी पिटावी लागली नाही. दिवस कलला तेव्हा हंडा शिगोशीग भरला होता. दरबारात तिसरा वक्ता बोलत होता.

तेवढ्यात डोंगर बाजूला सरला आणि म्हातारी आली. तिचा पदर ढगात अडकत होता. लोक पांगले. चिमाबाई जागची हलली नाही.

"उशीर झाला, आजी," ती वर तोंड करून म्हणाली. "पुरुषांच्या हातात काम होतं."

म्हातारीने हंडा उचलून कडेवर घेतला. दोन दाणे तोंडात टाकले, चावून पाहिले.

"पोचलं," ती म्हणाली.